स्वप्नाच्या भाषेतील क्रूसाची वाट : फिलिपिनो चित्रकलेतील अतिवास्तव

आधुनिक चित्रकलेविषयी आपल्याकडे एक तक्रार वारंवार ऐकू येते. "ह्या चित्रात काय आहे तेच कळत नाही," असे चांगली सुशिक्षित माणसेही सहज म्हणून जातात. मेणासारखी वितळणारी घड्याळे, माणसाच्या धडावर पक्ष्याचे डोके, आकाशात अधांतरी लोंबणारी खुर्ची हे सारे म्हणजे रिकामटेकड्या कलावंतांचे चाळे, अशी आपली समजूत असते. वास्तवाशी ह्याचा संबंध काय, आणि भुकेल्या माणसाच्या प्रश्नाशी तर त्याहून काय, असा सवाल त्या तक्रारीमागे असतो.

सवाल रास्त आहे. परंतु तो विचारणारा भाविक ज्या ग्रंथातील वाचने दर रविवारी मिस्सामध्ये ऐकतो, त्या ग्रंथाचे काय? दानिएल संदेष्ट्याला समुद्रातून चार श्वापदे वर येताना दिसतात, त्यांतील सिंहाला गरुडाचे पंख असतात. यहेज्केलासमोर दरीभर पसरलेली सुकी हाडे खडखडत एकमेकांना जुळतात. योहानाच्या प्रकटीकरणात सात डोक्यांचा आणि दहा शिंगांचा पशू राज्य करतो. ही दृष्टान्तचित्रे कोणी गंमत म्हणून रंगवलेली नाहीत. दानिएलाच्या ग्रंथाला आजचे रूप आले तो काळ अंतियोख राजाने मांडलेल्या छळाचा होता, असे बहुतेक बायबलपंडित मानतात. प्रकटीकरणातील बाबेल नगरी म्हणजे रोम, हे पहिल्या ख्रिस्ती वाचकांना उघड कळत होते. जुलमी सत्तेचे नाव उच्चारणे म्हणजे मरण ओढवून घेणे, अशा दिवसांत श्रद्धावंतांनी स्वप्नाची भाषा स्वीकारली. ती वास्तवापासून पळण्यासाठी नव्हती. ज्या वास्तवाचे नाव घेता येत नव्हते, ते सांगण्यासाठी होती.

फिलिपिन्समधील अतिवास्तव चित्रकलेकडे मी ह्या दृष्टीने पाहतो. युरोपात अतिवास्तववाद हे एका चळवळीचे नाव आहे. आंद्रे ब्रेताँ ह्या फ्रेंच कवीने १९२४ साली पॅरिसमध्ये तिचा जाहीरनामा प्रसिद्ध केला. पहिल्या महायुद्धात मनोरुग्ण सैनिकांच्या शुश्रूषेचा अनुभव त्याच्या गाठीशी होता आणि फ्रॉइडच्या स्वप्नविचाराचा त्याच्यावर प्रभाव होता. बुद्धीच्या पहाऱ्यातून सुटून सुप्त मनाने स्वतः बोलावे, हा त्या चळवळीचा आग्रह. तिचे बहुतेक प्रवर्तक ख्रिस्तमंडळाचे कडवे विरोधक होते. हेच बीज फिलिपिन्सच्या मातीत पडले तेव्हा मात्र त्याला निराळे पीक आले. तेथील चित्रकाराला विलक्षण प्रतिमा शोधण्यासाठी मनाच्या तळघरात उतरावे लागले नाही. त्या त्याच्या गावच्या देवळात, मिरवणुकीत आणि शुभ शुक्रवारच्या रस्त्यावर आधीच उभ्या होत्या.

क्रूस वाहणारा देश

फिलिपिन्स आपल्याला अगदी परका नाही. वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया ह्यांनी फ्रान्सिस्कन संघाचा झगा परिधान केला तो मनिला येथे. तेथूनच ते जपानला गेले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रूसावर हुतात्मा झाले. त्या काळी मनिलावर स्पेनचा ध्वज फडकत होता. १५६५ पासून १८९८ पर्यंत स्पेनने, त्यानंतर अमेरिकेने आणि दुसऱ्या महायुद्धात जपानने ह्या द्वीपसमूहावर सत्ता गाजवली. स्वातंत्र्य आले १९४६ साली. २०२० च्या जनगणनेनुसार तेथील सुमारे ७९ टक्के लोक कॅथलिक आहेत.

सत्ता आणि श्रद्धा एकाच जहाजातून आल्यामुळे तेथील कॅथलिक मनात एक ताण कायमचा राहिला. ज्या धर्मगुरूंनी येशूच्या दुःखसहनाची कथा शिकवली, त्यांच्याच संघांच्या मालकीच्या विस्तीर्ण जमिनी होत्या. लोकांनी कथा मनापासून स्वीकारली आणि तिच्यात स्वतःचे दुःख ओतले. प्रायश्चित्तकाळात तेथे 'पासियोन' हे येशूचरित्राचे काव्य रात्रंदिवस गायिले जाते. फादर स्टीफन्स ह्यांचे ख्रिस्तपुराण आपल्याकडे भक्तिभावाने गायिले जाई, हे ज्यांनी वाडवडिलांकडून ऐकले आहे, त्यांना ह्या प्रथेचे बळ समजावून सांगावे लागणार नाही. इतिहासकार रेनाल्डो इलेतो ह्यांनी दाखवून दिले आहे की, एकोणिसाव्या शतकातील शेतकऱ्यांच्या उठावांना भाषा पुरवली ती ह्याच पासियोनने. पिलाताचा दरबार म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांसमोर कोणाची कचेरी येत असे, हे सांगायला हवे काय?

चित्रकलेतही हाच दुहेरी अर्थ फार जुना आहे. इलोकोस प्रांतात १८०७ साली उसाच्या मद्यावरील सरकारी मक्तेदारीविरुद्ध लोकांनी बंड केले. एस्तेबान व्हिल्यानुएव्हा ह्या चित्रकाराने १८२१ मध्ये त्या बंडाची चौदा चित्रे रंगवली. बंडखोरांची कूच, लढाई, पराभव आणि अखेरीस देहदंड असा तो क्रम आहे. वर आकाशात शेपटीचा धूमकेतू दिसतो. चित्रे चौदाच का? देवळाच्या भिंतीवरील क्रूसाच्या वाटेची चौदा स्थाने आठवल्याशिवाय राहत नाहीत. चित्रकाराचा हेतू काय होता हे बाजूला ठेवले, तरी ज्या समाजाचे डोळे त्या चौदा स्थानांवर घडले होते, त्याने ही चित्रे कशी वाचली असतील ह्याची कल्पना करता येते.

हुआन लुना ह्याच्या 'स्पोलियारियम' ह्या भव्य चित्राने १८८४ साली माद्रिदच्या प्रदर्शनात सुवर्णपदक मिळवले. साडेसात मीटरहून अधिक रुंदीच्या ह्या चित्रात रोमच्या क्रीडागारातील मेलेल्या योद्ध्यांना तळघरात फरफटत नेले जात आहे. विषय पूर्णपणे रोमन. परंतु होसे रिझाल ह्यांनी त्या वर्षीच्या सत्कारभोजनात त्यात आपल्या देशबांधवांची अवस्था वाचली. एकाचे चित्र काढून दुसऱ्याचे दुःख सांगण्याची ही रीत तेव्हापासून फिलिपिनो कलेच्या अंगवळणी पडली आहे.

उद्ध्वस्त नगरातील प्रायश्चित्त

अतिवास्तवाचा स्पष्ट स्पर्श प्रथम जाणवतो तो गालो ओकाम्पो ह्यांच्या चित्रांत. युद्धापूर्वी, १९३८ साली, त्यांनी 'तपकिरी मदोन्ना' रंगवली. पवित्र मरिया गव्हाळ वर्णाची, देशी वेशातील, आणि मस्तकामागे तेजोवलयाच्या जागी आनाहाव ह्या ताडाच्या जातीच्या झाडाचे पान. आपल्या आंजेलो दा फोन्सेका ह्यांनी साडीतील मरिया रंगवल्यावर गोव्यात त्यांना जी टीका सोसावी लागली, ती ज्यांना ठाऊक आहे त्यांना ह्या चित्रामागील धाडस कळेल.

पुढे युद्ध आले. १९४५ च्या फेब्रुवारी आणि मार्च महिन्यांत मनिलात जी लढाई झाली, तिच्यात सुमारे एक लाख नागरिक मरण पावले. इन्त्रामुरोस ह्या जुन्या तटबंद नगरातील सान ऑगस्टीनचे देऊळ तेवढे उभे राहिले, बाकीची सारी देवळे जमीनदोस्त झाली. ह्यानंतर ओकाम्पो ह्यांनी जी चित्रमालिका रंगवली, तिचा नायक आहे स्वतःला फटके मारून घेणारा प्रायश्चित्तकर्ता. ही व्यक्ती फिलिपिन्सच्या खेड्यांत पवित्र आठवड्यात प्रत्यक्ष दिसते: चेहरा बुरख्याने झाकलेला, डोक्यावर पानांचा मुकुट, उघडी पाठ रक्ताळलेली. चित्रकाराने तिला केवळ तिच्या जागेवरून हलवले. गावच्या रस्त्यावरून उचलून त्याने तिला भग्न, ओसाड, स्वप्नातल्यासारख्या प्रदेशात उभे केले.

एवढ्याशा बदलाने चित्राचा अर्थ किती पालटतो पाहा. गावात तो मनुष्य स्वतःच्या पापांचे प्रायश्चित्त घेत असतो. जळालेल्या नगरात तो कोणाच्या पापांचे घेतो? नगर ज्यांनी जाळले, त्यांच्यापैकी कोणीही पाठ उघडी केलेली नाही. जगाच्या सत्ताधाऱ्यांनी केलेल्या अपराधाचे फटके पुन्हा त्या गरिबाच्याच पाठीवर उमटत आहेत. यशयाच्या ग्रंथातील दुःखी सेवकाचे चित्र ह्याहून निराळे ते काय? मला ही मालिका विसाव्या शतकातील ख्रिस्ती कलेत मानाच्या स्थानी ठेवावीशी वाटते. तिच्यात विलक्षणपणा आहे, परंतु तो शोभेसाठी आणलेला नाही.

बोलण्यास बंदी असताना

२३ सप्टेंबर १९७२ रोजी राष्ट्राध्यक्ष फर्डिनांड मार्कोस ह्यांनी देशात लष्करी कायदा पुकारल्याची घोषणा केली. वृत्तपत्रे बंद झाली, हजारो लोक तुरुंगात गेले. कायदा कागदोपत्री १९८१ च्या जानेवारीत उठला, परंतु हुकूमशाही १९८६ पर्यंत टिकली. राजवटीला कलेचे वावडे नव्हते, उलट तिला कला हवी होती. समुद्रात भराव टाकून उभारलेले सांस्कृतिक केंद्र १९६९ मध्येच सुरू झाले होते आणि राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी इमेल्डा ह्यांचा त्यावर वरदहस्त होता. 'सत्य, शिव आणि सुंदर' हे शब्द त्यांच्या तोंडी नेहमी असत. झोपडपट्ट्या मात्र परदेशी पाहुण्यांच्या नजरेआड केल्या जात.

ह्या पार्श्वभूमीवर १९७६ साली 'काइसाहान' नावाचा तरुण चित्रकारांचा गट स्थापन झाला. ह्या नावाचा अर्थ ऐक्य. त्यांच्या कलेला सामाजिक वास्तववाद म्हणतात. मग तिचा अतिवास्तवाशी संबंध काय, अशी शंका येईल. ह्या प्रवाहाच्या मोठ्या भाष्यकार ॲलिस गिलेर्मो ह्यांनी त्याचे उत्तर देऊन ठेवले आहे. फिलिपिन्समधील सामाजिक वास्तववाद ही एखादी शैली नसून ती सामाजिक बांधिलकीची समान भूमिका आहे, असे त्या मांडतात. म्हणूनच त्या भूमिकेतून कोणी हुबेहूब चित्रण करतो, कोणी आकृती पिळवटतो, तर कोणी स्वप्नाची वाट धरतो. चित्रकाराला आपण कोणत्या संप्रदायाचे आहोत ह्याची फिकीर नसते, ती आपण समीक्षक मंडळी वाहतो.

आंतिपास देलोताव्हो ह्यांचे १९७८ चे जलरंगातील चित्र ह्याचा उत्तम नमुना आहे. त्याच्या नावाचा अर्थ 'मांग हुआनच्या हृदयातील सुरा'. 'मांग' हे वडीलधाऱ्या पुरुषाला लावायचे आदरार्थी संबोधन आहे, आपल्या 'काका'सारखे. आणि हुआन म्हणजे तेथला कोणीही सामान्य माणूस. चित्रात एक कृश, वयस्क कामगार मान खाली घालून रस्त्याने चालला आहे. त्याच्या मागे कोका-कोलाची प्रचंड लाल जाहिरात आहे. बस्स, एवढेच. प्रत्येक वस्तू खरी आहे आणि जागच्या जागी आहे. परंतु जाहिरातीतील अक्षराचे वळणदार टोक नेमके त्या म्हाताऱ्याच्या छातीत घुसलेल्या पात्यासारखे दिसते.

ह्या चित्राला मी ह्या संपूर्ण कालखंडातील श्रेष्ठ चित्रांपैकी एक मानतो. त्यात क्रूस नाही, काटेरी मुकुट नाही, एकही धार्मिक खूण नाही. तरीही शिपायाने येशूच्या कुशीत भाला खुपसला तो प्रसंग मनात उभा राहतो. ह्याच गटातील पाब्लो बाएन सान्तोस ह्यांच्या १९८० च्या 'नवा ख्रिस्त' ह्या चित्रात कामगार प्रत्यक्ष क्रुसावरील ख्रिस्ताच्या रूपात येतो. त्या चित्राचा आवेश प्रामाणिक आहे आणि मत्तयच्या शुभवर्तमानातील पंचविसावा अध्याय वाचणाऱ्याला त्यात वावगे काही वाटू नये. तथापि तेथे चित्रकार आपल्याला उत्तर हातात देतो. देलोताव्हो आपल्याला ते शोधायला लावतो, आणि शोधलेले उत्तर मनाला अधिक काळ टोचत राहते. कलेच्या दृष्टीने हा भेद लहान नाही. घोषणा ऐकून माणूस टाळी वाजवतो आणि घरी जातो. प्रतिमा त्याच्या मागोमाग घरी येते.

दानिलो दालेना ह्यांचा मार्ग आणखी वेगळा. ते मुळात वृत्तपत्रीय व्यंगचित्रकार होते. लष्करी कायद्याने वृत्तपत्रे बंद पडली, तेव्हा त्यांनी कॅन्व्हास जवळ केला. 'हाय-अलाय' ह्या चेंडूच्या खेळावर मनिलात मोठा जुगार चाले. त्या जुगाराच्या आवारातील गर्दीची त्यांनी मालिकाच रंगवली: फुगलेली, वितळल्यासारखी शरीरे आणि तिकिटांवर खिळलेल्या नजरा. राजवटीविषयी चित्रात चकार शब्द नाही. परंतु ज्या देशात घाम गाळून काही मिळत नाही, तेथे लोक नशिबावर पैसे लावतात, हे ती गर्दी सांगून जाते. पुढे ह्याच चित्रकाराने कियापोच्या देवळातील काळ्या नाझरेथकराभोवती उसळणारा भक्तांचा महापूर रंगवला. दोन्ही मालिका शेजारी ठेवून पाहिल्या की, धर्मगुरू म्हणून मला अस्वस्थ व्हायला होते. जुगाराच्या खिडकीशी आणि देवाच्या मूर्तीशी हात पसरणारी माणसे तीच आहेत काय? आणि तसे असेल, तर आम्ही त्यांना आशा देतो की आणखी एक तिकीट?

१९८६ च्या फेब्रुवारीत कार्डिनल हाइमे सिन ह्यांनी रेडिओ व्हेरितासवरून हाक दिली आणि लाखो लोक एद्सा रस्त्यावर उतरले. जपमाळ हाती घेतलेल्या धर्मभगिनी रणगाड्यांसमोर गुडघे टेकून बसल्या. हुकूमशहा देश सोडून पळाला. कोणत्याही अतिवास्तववाद्याने ह्यापेक्षा अद्भुत दृश्य रंगवलेले नाही.

साखरेच्या बेटावरील डोळे

राजधानीत क्रांती झाली म्हणजे मळ्यात भाकरी पोहोचते असे नाही. नेग्रोस हे ऊस पिकवणारे बेट. थोड्या जमीनदारांच्या हाती अफाट मळे आणि 'साकादा' म्हणजे हंगामी ऊसतोड मजुरांच्या हाती कोयता. पिढ्यानपिढ्या हाच हिशेब. ऊसतोडीसाठी बिऱ्हाड पाठीवर घेऊन निघालेली कुटुंबे महाराष्ट्राने पाहिली आहेत. त्यामुळे हे चित्र आपल्याला ओळखीचे वाटेल. १९८० नंतरच्या दशकाच्या मध्यावर जगाच्या बाजारात साखरेचा भाव कोसळला आणि मळे बंद पडले. साखरेच्या बेटावर मुले उपासमारीने मरू लागली. २० सप्टेंबर १९८५ रोजी एस्कालान्ते गावी निदर्शने करणाऱ्या शेतमजुरांवर गोळीबार झाला आणि किमान वीस जण ठार झाले. बाकोलोदचे बिशप आन्तोनियो फोर्तिच ह्यांनी ह्या मजुरांची बाजू घेतली, त्याबद्दल त्यांना सत्ताधाऱ्यांचा आणि जमीनदारांचा रोष पत्करावा लागला.

ह्या भूमीतून १९८६ साली 'ब्लॅक आर्टिस्ट्स इन एशिया' हा कलावंतांचा गट उभा राहिला. न्युनेलुसियो आल्व्हारादो आणि चार्ली को हे त्यातील ठळक चित्रकार. चार्ली को ह्यांची चित्रे दुःस्वप्नासारखी अंगावर येतात. आल्व्हारादो ह्यांच्या चित्रातील मजूर जाड, टोकदार रेषांत कोरल्यासारखा दिसतो. शरीर आखडलेले, हातपाय अवजारांसारखे, आणि चेहऱ्यावर दोन मोठे, टक्क उघडे डोळे. ते डोळे दयेची याचना करीत नाहीत. ते आपल्याकडे रोखून पाहतात. देवळातील संतांच्या जुन्या लाकडी मूर्तींचे डोळे असेच असतात. आपण मूर्तीकडे पाहत आहोत असे वाटता वाटता मूर्तीच आपल्याला पाहत आहे, हे ध्यानात येते. आल्व्हारादो ह्यांनी संताचे डोळे मजुराला दिले. माझ्या मते त्यांच्या चित्रातील धर्मभाव एवढ्यात सामावला आहे, आणि तो पुरेसा आहे.

दूरदेशी गेलेल्या बाया आणि एम्माउसची वाट

आजच्या फिलिपिन्सची मोठी जखम म्हणजे स्थलांतर. तेथील सरकारी पाहण्यांनुसार सुमारे वीस लाख फिलिपिनो परदेशात राबतात आणि त्यांत निम्म्याहून अधिक स्त्रिया आहेत. आखाती देशांत नोकरीला गेलेल्या आपल्या माणसांना हे सांगायला नको. तेथील देवळांत शुक्रवारच्या मिस्सेला त्यांच्या शेजारच्या बाकावर ह्याच स्त्रिया बसतात. दुसऱ्यांची मुले सांभाळण्यासाठी त्या स्वतःची मुले आजीच्या पदरी टाकून आलेल्या असतात. १९९५ साली अशाच एका घरकाम करणाऱ्या स्त्रीला सिंगापुरात फाशी झाली, तेव्हा सारा देश हळहळला आणि संतापला.

ब्रेन्दा फाहार्दो ह्यांनी ह्या स्त्रियांसाठी एक अनपेक्षित रूप निवडले: भविष्य सांगण्याचे टॅरोचे पत्ते. त्यांच्या चित्रात देशाचा इतिहास आणि परदेशी गेलेल्या मोलकरणींचे जीवन पत्त्यांच्या चौकटींत मांडलेले असते, भोवती त्यांच्या भाषेत हाताने लिहिलेला मजकूर असतो. ख्रिस्तमंडळाला भविष्यकथन मान्य नाही, हे आपण जाणतो. परंतु फाहार्दो भविष्य सांगत नाहीत. पत्ते कोण पिसतो आणि कोणाच्या वाट्याला कोणते पान येते, एवढेच त्या दाखवतात. दैव म्हणून ज्याच्यापुढे आपण मान तुकवतो, ते पुष्कळदा माणसांनीच वाटलेले असते, हा त्या चित्रांचा मथितार्थ. पापाचे सामाजिक रूप समजावून सांगण्यासाठी मला ह्याहून सोपा दाखला अजून सापडलेला नाही.

इमॅन्युएल गारिबाय हे प्रॉटेस्टंट परंपरेतील, ईशज्ञानाचे शिक्षण घेतलेले चित्रकार. त्यांचे 'एम्माउस' हे चित्र आशियातील ख्रिस्ती कलेत बरेच गाजले आहे. लूकच्या शुभवर्तमानातील कथा आपल्या परिचयाची आहे: वाटेत भेटलेल्या अनोळखी प्रवाशाला शिष्य ओळखत नाहीत, भाकर मोडताना मात्र त्यांचे डोळे उघडतात. गारिबाय ह्यांच्या चित्रात पुरुष मेजाभोवती बसून मनमोकळे हसत आहेत. त्यांच्यात लाल पोशाखातील एक स्त्री आहे, प्रतिष्ठित समाज जिच्याकडे नाक मुरडून पाहील अशी. थोडे निरखून पाहिल्यावर तिच्या तळहातावर खिळ्यांचे व्रण दिसतात.

हे चित्र पाहून पुष्कळांना धक्का बसतो. प्रभूला स्त्रीरूपात, आणि तेही अशा स्त्रीच्या रूपात? पण कथेचे मर्मच मुळी हे आहे की, प्रभू अशा रूपात आला की शिष्यांनी त्याला ओळखले नाही. देखण्या दाढीच्या, शुभ्र झग्यातील येशूला ओळखण्यासाठी डोळे उघडावे लागत नाहीत, त्याला तर कोणीही ओळखील. आपल्याला बसणारा धक्का शिष्यांच्या न ओळखण्याचाच पुनःप्रत्यय आहे.

चित्रात आपणही आहोत

हुकूमशहाचे व्यंग रंगवलेले आपल्याला आवडते. मात्र चित्रकाराचा कुंचला ख्रिस्तमंडळाकडे वळला की आपण सावध होतो. १९९५ च्या जानेवारीत पोप जॉन पॉल दुसरे जागतिक युवादिनासाठी मनिलाला आले. समारोपाच्या मिस्साला चाळीस ते पन्नास लाख लोक होते असा अंदाज आहे. 'सांगावा' नावाच्या पाच तरुण चित्रकारांच्या गटाने त्याआधीच, १९९४ साली, 'द सेकंड कमिंग' हे भव्य चित्र रंगवले होते. त्यात भेटीभोवतीच्या बाजारी उत्साहाची त्यांनी बोचरी थट्टा केली. होसे तेन्से रुइझ ह्यांनी कचरावेचकांच्या हातगाडीवर गॉथिक कॅथेड्रल उभे केले. उंच मनोरे, कमानी, आणि खाली ढकलगाडीची चाके. ह्या प्रतिमेचे दोन अर्थ होतात. गरिबाच्या पाठीवर देवळाचा भार आहे, हा एक. देवाचे मंदिर गरिबासोबत रस्त्यावर उतरले आहे, हा दुसरा. कोणता खरा, हे चित्रकार ठरवत नाही. ते आपल्या धर्मग्रामांनी आपल्या वागणुकीने ठरवायचे आहे.

मग सारेच सोसून घ्यायचे काय? २०११ साली मनिलाच्या सांस्कृतिक केंद्रात 'कुलो' नावाचे प्रदर्शन भरले. त्यातील मिदेओ क्रूझ ह्यांच्या मांडणीत पवित्र चित्रांवर अश्लील वस्तू चिकटवल्या होत्या. कॅथलिक समाजात संतापाची लाट उसळली, धमक्या आल्या, आणि ऑगस्टमध्ये प्रदर्शन बंद करण्यात आले. केंद्राच्या दृश्यकला विभागाच्या प्रमुख कारेन फ्लोरेस ह्यांनी राजीनामा दिला. त्या पूर्वी 'सांगावा' गटातील एक चित्रकार होत्या.

धमक्या देणाऱ्यांनी प्रभूची सेवा केली असे मला वाटत नाही. ज्याने पेत्राला तलवार म्यानात घालायला सांगितली, त्याला अशा रक्षकांची गरज नाही. आपण मूर्तिपूजेवर आणि सत्तेच्या दांभिकतेवर भाष्य करीत आहोत, असे कलावंताचे म्हणणे होते. तेही ऐकून घ्यायला हवे. तरीसुद्धा कलाकृती म्हणून ती मांडणी मला दुबळी वाटते, आणि त्याचे कारण केवळ तिची अश्लीलता नव्हे. देलोताव्होचा म्हातारा, आल्व्हारादोचा मजूर, गारिबायची स्त्री ह्या प्रत्येकाच्या अंगावर जखम आहे, आणि ती पाहणाऱ्याला जबाबदार धरते. क्रूझ ह्यांच्या मांडणीत जखमी माणूसच नाही. वस्तू आहेत, धक्का आहे, पण ज्याच्यासाठी हा धक्का द्यायचा तो गरीब कोठे दिसत नाही. ओकाम्पोने प्रायश्चित्तकर्त्याला जागेवरून हलवले ते त्याच्या वेदनेचा अर्थ वाढवण्यासाठी. येथे पवित्र प्रतिमा जागेवरून हलवल्या, पण त्यांतील वेदना वाटेतच सांडली.

हीच कसोटी दुसऱ्या टोकालाही लावली पाहिजे. २०११ च्याच एप्रिलमध्ये रोनाल्ड व्हेन्तुरा ह्यांचे 'ग्रेग्राउंड' हे चित्र हाँगकाँगच्या लिलावात दहा लाख अमेरिकी डॉलरहून अधिक किमतीला विकले गेले. माणूस, पशू आणि यंत्र ह्यांची विलक्षण सरमिसळ करण्यात त्यांचे कौशल्य वादातीत आहे. त्याच वर्षी रोदेल तापाया ह्यांना आशियातील एक मोठा कलापुरस्कार मिळाला. त्यांच्या चित्रात डोंगरी जमातींच्या देवकथा आणि उजाड होणारी अरण्ये एकमेकांत गुंफलेली आहेत. अशा यशाचा हेवा करण्याचे कारण नाही. परंतु दिवाणखान्याच्या भिंतीवर शोभणारे दुःस्वप्न हळूहळू कोणालाच घाबरवीनासे होते. तापाया ह्यांच्या चित्रात तोडलेल्या झाडाची आठवण जिवंत राहते, म्हणून त्यांच्यापाशी मी अधिक वेळ थांबतो. केवळ चमत्कृतीवर विसंबणाऱ्या अनेक तरुण चित्रकारांबद्दल असे म्हणता येत नाही.

पाहण्याची साधना

ही प्रतिमासृष्टी आता जुनी झाली, असे कोणी समजू नये. २०१६ मध्ये राष्ट्राध्यक्ष रोद्रिगो दुतेर्ते ह्यांनी अमली पदार्थांविरुद्ध मोहीम सुरू केली आणि पोलिसांच्या अधिकृत आकडेवारीनुसारच तिच्यात सहा हजारांहून अधिक लोक मारले गेले. त्या वर्षीच्या जुलैत रस्त्यावर मारल्या गेलेल्या पुरुषाला कवटाळून बसलेल्या स्त्रीचे एक छायाचित्र वृत्तपत्रात छापून आले. ते पाहताक्षणी लोकांनी त्याला 'पिएता' म्हटले. कोणी समजावून सांगितले नव्हते. मांडीवर मृत देह घेतलेली माता त्यांच्या नजरेत शतकानुशतके मुरलेली होती. ह्या मोहिमेविरुद्ध उभे राहिलेले कालोओकानचे बिशप पाब्लो व्हिर्हिलियो डेव्हिड डिसेंबर २०२४ मध्ये कार्डिनल झाले, आणि मार्च २०२५ मध्ये दुतेर्ते ह्यांना अटक करून हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाकडे सोपवण्यात आले. त्याआधी, २०२२ साली, मार्कोस ह्यांचे चिरंजीव त्याच देशाचे राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले होते. माणसे विसरतात. म्हणून चित्रांना लक्षात ठेवावे लागते.

आपल्या देवळांतील चित्रे आणि मूर्ती बहुधा गोंडस असतात. गुलाबी गालांचे देवदूत, रक्ताचा एखादा थेंब सांडलेला देखणा ख्रिस्त. त्यांनी पिढ्यान्पिढ्या भक्ती जोपासली आहे, त्यांना मी नावे ठेवणार नाही. परंतु त्या प्रतिमांची इतकी सवय होते की, क्रूस हे छळाचे साधन होते हेच आपण विसरतो. फिलिपिनो चित्रकारांनी क्रूसाला त्याचे मूळचे भयानकपण परत दिले. ते देण्यासाठी त्यांना स्वप्नाची भाषा वापरावी लागली, कारण सरळ भाषेची आपल्याला सवय झाली आहे.

तेव्हा यापुढे असे एखादे चित्र समोर आले, तर "हे काय विचित्र?" असे म्हणून पान उलटण्यापूर्वी क्षणभर थांबावे, अशी माझी वाचकांना विनंती आहे. ह्या चित्रात जखम कोणाची आहे, एवढाच प्रश्न प्रथम विचारावा. जखम कोणाचीच नसेल, तर पान खुशाल उलटावे. जखम दिसली, तर दुसरा प्रश्न आपोआप येईल: ती कोणी केली, आणि आपण त्या वेळी कोठे उभे होतो? प्रायश्चित्तकाळात क्रूसाच्या वाटेवर प्रत्येक स्थानापाशी गुडघे टेकताना आपण हेच तर विचारत असतो.